पडद्यावर वीज पाडायची कशी?

कामठी, प्रतिनिधी

समजा, कामठीतील महाविद्यालयात शिकणाऱ्या चार-पाच मित्रांनी दहा मिनिटांचा लघुपट करायचे ठरविले आहे. कथा साधी आहे. कन्हान नदीकाठच्या शेतातून आई आणि मुलगा घराकडे निघतात. आभाळ भरून येते, पाऊस कोसळू लागतो. दोघे बाभळीच्या झाडाखाली आडोशाला थांबतात आणि पुढच्याच क्षणी वीज कडाडते. कॅमेरा म्हणून मोबाइल आहे, संकलनासाठी एकाच्या घरचा संगणक आहे, कामे करायला ओळखीची माणसेही तयार आहेत. घोडे अडते ते एकाच ठिकाणी. वीज आणायची कोठून?

पहिला विचार मनात येतो तो वळवाच्या पावसाची वाट पाहण्याचा. वैशाखात विदर्भाच्या आकाशात विजांना तोटा नसतो. मोबाइल घेऊन नदीकाठी उभे राहावे आणि खरी वीज टिपावी, असे कोणालाही वाटेल. हा विचार सोडून द्यावा, कारण तो जिवावर बेतणारा आहे. शिवाय तो चित्रपटाच्या कामाचाही नाही. पडद्यावर पटणारी वीज ही आकाशातून पकडून आणावी लागत नाही; ती तयार करावी लागते. आणि ती तयार करताना सर्वांत महत्त्वाची असते ती आकाशातील वाकडी रेघ नव्हे, तर त्या रेघेचा माणसाच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड. हौशी लघुपटांत नेमके हेच विसरले जाते आणि वीज चिकटवल्यासारखी दिसते.

खरी वीज का नको?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २ हजार ८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. उघडे शेत, नदीचा काठ, एकटे झाड, घराची गच्ची ही सारी विजेच्या दृष्टीने धोक्याची ठिकाणे. चांगल्या दृश्याच्या शोधात असलेला हौशी छायाचित्रकार नेमका तेथेच जाऊन उभा राहतो. गडगडाट ऐकू येत असेल, तर वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, हा साधा नियम आहे. पाऊस पडत नसला, डोक्यावर थोडे निळे आकाश दिसत असले, तरी तो बदलत नाही. ढगापासून दहा-बारा किलोमीटर दूरही वीज पडल्याची उदाहरणे आहेत.

दुसरे कारण तांत्रिक आहे. मोबाइलचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही. त्यातील संवेदक वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. त्याला 'रोलिंग शटर' म्हणतात. विजेचा झोत या वाचनापेक्षाही कमी वेळ टिकतो. परिणामी एकाच फ्रेममध्ये वरचा भाग पांढराशुभ्र आणि खालचा भाग काळोखा, असे कापल्यासारखे चित्र मिळते. एवढा धोका पत्करून हाती काय लागले, तर अर्धी उजळलेली फ्रेम!

फाळके यांच्यापासूनची वाट

पडद्यावर जे घडले असे वाटते ते प्रत्यक्षात घडवावे लागत नाही, हा धडा मराठी माणसाने भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पानावर गिरवला आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले होते. ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपत त्यांनी अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली. चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ आणि त्या माळेतील प्रत्येक मणी आपल्या हातात असतो, हे त्यांना उमगले होते. पुढे 'लंकादहन' (१९१७), 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटांत त्यांनी याच जाणिवेच्या बळावर चमत्कार उभे केले.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री'मधील (१९२०) कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की सेन्सॉरने ते काढायला लावले. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तुकोबा पुष्पक विमानातून वैकुंठाला जातात, ते दृश्य पाहून प्रेक्षक हात जोडत. या मंडळींकडे संगणक नव्हता. प्रकाश, छाया, पुठ्ठा, रंग आणि वेळेचे अचूक भान एवढीच त्यांची सामग्री होती.

विजेपुरते बोलायचे तर हॉलीवूडमध्ये १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटात केनेथ स्ट्रिकफॅडन या तंत्रज्ञाने प्रयोगशाळेच्या दृश्यासाठी उच्च दाबाच्या यंत्रांतून खऱ्या ठिणग्या उडविल्या. स्टुडिओत विजेचा उजेड पाडण्यासाठी कार्बनच्या कांड्या एकमेकींना भिडवून क्षणभर डोळे दिपवणारा झोत काढला जाई. नंतरच्या काळात फिल्मवर फ्रेमगणिक हाताने विजेच्या रेघा काढल्या जाऊ लागल्या. आज संगणक करतो ते याच कामाचे पुढचे रूप. त्यापैकी उच्च दाबाच्या यंत्रांचा आणि कार्बनच्या कांड्यांचा मार्ग हौशी मंडळींनी चुकूनही धरू नये. इंटरनेटवर अशा यंत्रांच्या कृती सापडतात, पण त्यातील विजेचा दाब माणूस मारण्यास पुरेसा असतो.

वीज दिसते तरी कशी?

जी गोष्ट काढायची ती आधी नीट पाहावी, असे चित्रकलेचे शिक्षक सांगतात. वीज मात्र नीट पाहता येत नाही, इतकी ती चपळ असते. त्यामुळे तिच्याविषयीची शास्त्रीय माहिती येथे डोळ्यांचे काम करते.

ढगाच्या तळाशी साठलेला ऋण विद्युतभार जमिनीकडे वाट काढू लागतो. ही वाट तो सलग नव्हे, तर सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्याने काढतो. प्रत्येक टप्प्यावर दिशा थोडी बदलते, म्हणून वीज नागमोडी दिसते. काही टप्प्यांवर वाटेला फाटे फुटतात. हे फाटे बहुधा खालच्या दिशेने झुकलेले असतात, कारण प्रवास वरून खाली चाललेला असतो. ही वाट जमिनीजवळ आली, की झाडे, मनोरे, माणसे अशा उंच वस्तूंतून तिला भेटण्यासाठी एक छोटी वाट वर निघते. दोन्ही वाटा जुळताच प्रचंड प्रवाह वाहतो आणि झगमगाट होतो. आपल्याला दिसते ती वीज म्हणजे हा क्षण. त्या वेळी वाटेतील हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या पाचपटींहून हे अधिक आहे.

पुढचा भाग लघुपटकारासाठी मोलाचा आहे. एकदा वाट तयार झाली, की तिच्यातूनच पुन्हा पुन्हा प्रवाह धावतो. साधारणपणे तीन ते पाच वेळा आणि दोन प्रवाहांत सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाचे अंतर. डोळ्यांना वीज थरथरल्यासारखी वाटते ती यामुळे. फाटे ठळक दिसतात ते पहिल्या झोतात; नंतरच्या झोतांत बहुतेक वेळा मुख्य खोडच उजळते. सारा खेळ बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो.

या माहितीतून दोन नेहमीच्या चुका लगेच ध्यानात येतात. पहिली चूक म्हणजे वीज ढगातून निघून सरपटत जमिनीपर्यंत येताना दाखविणे. जमिनीकडे येणारी वाट सेकंदाच्या काही शतांश भागातच पूर्ण होते, तेव्हा नेहमीच्या वेगाच्या चित्रणात वीज एकाच फ्रेममध्ये पूर्ण उमटली पाहिजे. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये विजेचा आकार बदलणे. तसे केले तर ती वीज न वाटता तुटलेल्या तारेतील ठिणग्या वाटू लागतात. आकार तोच, उजेड कमी-जास्त, हे सूत्र लक्षात ठेवावे.

आधी उजेड, मग रेघ

चित्रीकरणाच्या दिवशी आकाशात वीज नसते. ती नंतर संगणकावर येणार असते. पण तिचा उजेड मात्र त्याच वेळी, त्याच जागी पाडावा लागतो. आईच्या गालावर, मुलाच्या ओल्या केसांवर, बाभळीच्या खोडावर क्षणभर पांढरा झोत पडला, तरच प्रेक्षक वीज पडल्याचे मानतो. किंबहुना उजेड आणि आवाज नेमके असतील, तर आकाशातील रेघ दाखविली नाही तरी चालते. अनेक चांगल्या दिग्दर्शकांनी वीज केवळ खिडकीच्या उजेडातून दाखविली आहे.

यासाठी बॅटरीवर चालणारे एलईडी पॅनेल पुरेसे असते. ते पात्रांपेक्षा उंच धरावे. आकाशात ज्या बाजूला वीज काढायची आहे, त्याच बाजूने उजेड यायला हवा. वीज डावीकडे मागे असेल आणि चेहऱ्याची उजवी बाजू उजळली, तर काय चुकले हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही. पण ते खोटे आहे हे मात्र त्याला लगेच जाणवेल. विजेची सावली धारदार असते, म्हणून दिव्यावर पातळ कापड किंवा कागद लावून उजेड मऊ करू नये. दिवा सतत सुरू ठेवून त्यापुढे पुठ्ठा धरावा आणि तो झटकन बाजूला घेऊन पुन्हा आणावा. दोन-तीन वेळा असे केले, की थरथर आपोआप मिळते. फोटोच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. तो इतका अल्पकाळ टिकतो, की वर सांगितलेला अर्ध्या फ्रेमचा दोष येथेही येतो.

मोबाइलमध्ये उजेडाचे माप आणि फोकस कुलूपबंद करण्याची सोय असते. ती वापरणे आवश्यक आहे. अन्यथा झोत पडताच मोबाइल स्वतःहून चित्र काळे करतो आणि सारी मेहनत वाया जाते. वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवणे सोयीचे. आपल्याकडील घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने रस्त्यावरचे व घरातले दिवे या मापात लुकलुकत नाहीत. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवावा. कॅमेरा हलला नाही, तर संगणकावरचे निम्मे काम वाचते.

चित्रीकरणाची वेळ सूर्यास्तानंतरची अर्धी घटका निवडावी. आकाश अजून निळसर दिसत असते, जमीन मात्र काळवंडलेली असते. पावसासाठी बागेच्या पाइपाने वर पाणी उडवावे आणि मागून उजेड टाकावा. समोरून उजेड टाकल्यास पाऊस दिसतच नाही. पाणी आणि वीजपुरवठ्याची तार एकत्र आणायची नाही, हा नियम मात्र काटेकोर पाळावा. घरातून लांबवलेली वायर ओल्या गवतावर टाकून हॅलोजन दिवा लावणे म्हणजे खोटी वीज दाखविताना खऱ्या विजेला निमंत्रण देणे होय.

कामठीकरांसाठी आणखी एक सूचना. गावाचा मोठा भाग लष्करी छावणीला लागून आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी वसविलेल्या या छावणीच्या हद्दीत, तसेच रेल्वेच्या आवारात परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नाही. ड्रोन उडविण्याचा मोह तर दूरच ठेवावा. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत त्याला विचारून घ्यावे, हे सर्वांत सुरक्षित.

संगणकावरची वीज

आता रेघ. ती काढण्याचा एक गणिती मार्ग आहे आणि तो कागदावरही करता येतो. ढगापासून जमिनीपर्यंत एक सरळ रेघ मारावी. तिचा मध्यबिंदू थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवावा. आता दोन तुकडे झाले. त्या प्रत्येकाचा मध्यबिंदू पुन्हा सरकवावा, पण या वेळी पहिल्याच्या निम्म्याने. असे सहा वेळा केल्यास ६४ आणि सात वेळा केल्यास १२८ तुकड्यांची नागमोडी रेघ तयार होते. ती कोणत्याही हाताने काढलेल्या 'झेड' आकारापेक्षा अधिक खरी दिसते. कारण खऱ्या विजेतही मोठ्या वळणात लहान वळण आणि लहान वळणात आणखी लहान वळण असते. काही ठिकाणांहून खाली झुकणारे तीन-चार फाटे काढावेत. मुख्य खोडापेक्षा ते बारीक आणि मंद असावेत, टोकाला विरून जावेत.

'आफ्टर इफेक्ट्स' या सॉफ्टवेअरमध्ये वीज काढण्याची तयार सोय आहे. ते विकत घेणे परवडत नसेल, तर 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि 'दाविंची रिझॉल्व्ह'च्या मोफत आवृत्तीतही चित्रावर चित्र बसविण्याची उत्तम सोय आहे. 'क्रिटा' किंवा 'जिम्प' या मोफत चित्रकला-सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघेने वीज काढली तरी काम भागते.

काळ्या पार्श्वभूमीचे कारण असे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चित्र दुसऱ्यावर ठेवताना 'स्क्रीन' किंवा 'ॲड' नावाचा पर्याय असतो. त्यात वरच्या चित्रातील उजेड खालच्या चित्रातील उजेडात मिसळला जातो. काळा म्हणजे शून्य उजेड, म्हणून काळा भाग नाहीसा होतो आणि पांढरी वीज तेवढी आकाशात उरते. कापाकापी करावी लागत नाही.

एवढ्याने रेघ आकाशात येते, पण ती खडूने ओढल्यासारखी दिसते. तिला तेज आणण्यासाठी त्याच रेघेच्या आणखी दोन प्रती घ्याव्यात. एक थोडी धूसर करावी, दुसरी बरीच धूसर करून तिला निळसर-जांभळी छटा द्यावी आणि तिन्ही एकावर एक ठेवाव्यात. गाभा पांढरा, कडेला निळसर आभा, असे रूप तयार होते. गाभा मात्र बारीकच ठेवावा. विजेची खरी वाट जेमतेम काही सेंटिमीटर जाड असते. आपल्याला दिसणारी जाडी ही डोळे दिपल्याची असते. ज्या ढगातून वीज निघते त्या ढगाचा तळही आतून उजळला पाहिजे. त्यासाठी तेथे एक मोठा, कडा विरलेला पांढरा डाग त्याच फ्रेमपुरता ठेवावा.

वीज झाडामागे दाखवायची असेल तर झाडाची आकृती कापून वीज तिच्या मागे सरकवावी लागते. बाभळीची पानोळी कापणे म्हणजे रात्रभराचे काम! त्यापेक्षा वीज दूरच्या पैलतीरावर, सरळ क्षितिजामागे पाडावी. कन्हानचे पाणी फ्रेममध्ये असेल, तर एक छोटी युक्ती चित्र जिवंत करते. तीच वीज उलटी करून, मंद व धूसर करून पाण्यावर ठेवावी. पाण्यात प्रतिबिंब दिसले, की मूळ वस्तूच्या खरेपणाविषयी प्रेक्षकाला शंका राहत नाही.

सात फ्रेमचे गणित

सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची. विजेच्या दोन झोतांमधील अंतरही जवळपास तेवढेच. त्यामुळे वेळापत्रक सोपे होते. पहिल्या फ्रेममध्ये फाट्यांसह पूर्ण वीज, सर्वाधिक तेजाने. दुसऱ्या फ्रेममध्ये तीच वीज एक चतुर्थांश तेजाने. तिसऱ्या फ्रेममध्ये फाटे काढून केवळ खोड, तीन चतुर्थांश तेजाने. चौथी पुन्हा मंद. पाचव्या फ्रेममध्ये खोड निम्म्या तेजाने. सहाव्या आणि सातव्या फ्रेममध्ये रेघ नाही, ढगातील आभा तेवढी विझत जाते. आठव्या फ्रेमला पुन्हा काळोख.

चेहऱ्यावर पडलेला खरा झोत ज्या फ्रेममध्ये सुरू होतो, त्याच फ्रेममध्ये वीज सुरू झाली पाहिजे. पुठ्ठा हलवून मिळालेली थरथर वरील वेळापत्रकाशी जुळत नसेल, तर वेळापत्रक बदलावे, चेहरा नव्हे. विजेचा हुकूम चेहऱ्यावरून घ्यायचा असतो.

गडगडाट उशिरा येतो

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वीज एक किलोमीटर दूर असेल तर गडगडाट तीन सेकंदांनी, २५ फ्रेमच्या हिशेबाने ७५ फ्रेमनंतर ऐकू येतो. बहुतेक लघुपटांत चमक आणि कडकडाट एकदमच होतात. त्याचा अर्थ वीज पात्राच्या अगदी जवळ पडली असा होतो. पात्र मात्र शांतपणे चालत राहते!

या उशिराचा उपयोग कथा सांगण्यासाठी करता येतो. पहिल्या चमकेनंतर गडगडाट नऊ सेकंदांनी येऊ द्यावा. दुसऱ्या वेळी सहा, तिसऱ्या वेळी तीन. संवादात एक शब्दही न घालता वादळ जवळ येत असल्याचे प्रेक्षकाला कळते आणि शेवटच्या वेळी चमक व आवाज एकाच फ्रेमवर आले, की त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. दूरचा आवाज घुमणारा, लांबलेला असावा, कारण काही किलोमीटर लांबीच्या विजेच्या निरनिराळ्या भागांतून तो वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. जवळचा आवाज कोरडा, फटका मारल्यासारखा असावा. नाटकांच्या पडद्यामागे पातळ पत्रा हलवून गडगडाट काढण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. तो आवाज मोबाइलवर टिपून त्याची गती कमी केली, की चांगला घुमतो. इंटरनेटवरून दृश्य किंवा आवाज घेताना मात्र ते वापरण्याचा परवाना आहे की नाही, हे पाहावे.

प्रेक्षकांच्या डोळ्यांची काळजी

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यात बहुतांश लहान मुले होती. लुकलुकत्या उजेडाने काही जणांना फिट येऊ शकते. म्हणून एका सेकंदात तीनपेक्षा अधिक झगमगाट असू नयेत, असा संकेत जगभर पाळला जातो. वरील सात फ्रेमच्या वेळापत्रकात झोत तीनच ठेवले आहेत ते यासाठी. एका विजेनंतर किमान काही सेकंद उसंत द्यावी आणि लघुपटाच्या आरंभी लुकलुकत्या प्रकाशाची सूचना द्यावी. अंधाऱ्या सभागृहात कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

पडद्यावरील वीज काय शिकवते?

आता पुन्हा त्या आई-मुलाकडे वळू. ती दोघे झाडाखाली थांबतात, जवळच वीज पडते आणि दोघे सुखरूप घरी जातात, असा शेवट केला तर? तंत्र उत्तम, पण गोष्ट घातक. एकट्या झाडावर वीज पडण्याची शक्यता अधिक असते. तेथून ती शेजारी उभ्या माणसावर उडी घेऊ शकते, मुळांजवळच्या ओल्या जमिनीतूनही पसरते. आपल्या भागातील शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी नेमके झाडाच्या आडोशालाच धावतात. मोबाइलवरून हातोहात फिरणारा लघुपट गावागावांत पोहोचतो. 'सैरंध्री'च्या प्रेक्षकांनी पडद्यावरचे खरे मानले, तसे आजचा प्रेक्षकही मानतो.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजूनही ऐकू येते. तिला शास्त्रीय आधार नाही. कथेत ती आली, तर एखाद्या पात्राने ती खोडून काढावी. वीज पडलेल्या माणसाला हात लावू नये, असेही काही जण मानतात. प्रत्यक्षात त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला तत्काळ हात लावून श्वास व नाडी पाहणे, ती बंद असल्यास छातीवर दाब देणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, यानेच जीव वाचू शकतो. लघुपटातील मुलगा आईचा हात ओढून तिला झाडाखालून बाहेर काढतो आणि दोघे पक्क्या घराकडे धाव घेतात, असे दाखविले तर तीच वीज गोष्टीचा अर्थ बदलून टाकते. मागे बाभळीवर लोळ कोसळतो आणि प्रेक्षकाला सांगायचे ते न सांगता सांगितले जाते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजांचा धोका असल्यास ते सूचना देते. लघुपट करणाऱ्या चमूने चित्रीकरणाच्या दिवशी ते उघडून पाहावे. गडगडाट ऐकू आला, की साहित्य आवरून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. त्या दिवशीचे दृश्य राहिले तर राहिले. दुसऱ्या दिवशी कोरड्या आकाशाखाली, पाइपाच्या पावसात आणि पुठ्ठ्याच्या थरथरीत तेच दृश्य पुन्हा घेता येते.

फाळके यांनी वाटाण्याचे रोप एकेक फ्रेमने वाढविले, तेव्हा त्यांच्या हाती होता तो संयम. आज कामठीतील एखाद्या खोलीत रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून सात फ्रेमची वीज जुळविणाऱ्या मुलांनाही तोच संयम लागणार आहे. आकाशातील वीज कोणाच्या हातात नसते. पडद्यावरची मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. ती कोठे पाडायची आणि कोणाला वाचवायचे, हेही.